त्सुगिझाकुरा ओजी
जपानमधील शिंतो धर्माचे एक लहान देवस्थान. होन्शू बेटाच्या दक्षिणेकडील कीई द्वीपकल्पात, वाकायामा प्रांतातील नोनाका या डोंगराळ खेड्यात ते वसले आहे. कुमानोच्या तीन महादेवस्थानांकडे जाणाऱ्या प्राचीन यात्रामार्गावर ‘ओजी’ (राजपुत्र) या नावाची अनेक उपदेवस्थाने होती. त्यांपैकी हे एक होय. त्यांची संख्या परंपरेने नव्व्याण्णव सांगतात. मात्र हा आकडा बहुत्वसूचक मानला जातो. यात्रेकरू येथे थांबून देवतेस वंदन करीत व पुढे जात.

मार्गालगतच्या दगडी पायऱ्या प्रचंड सुगी वृक्षांमधून वर चढतात. ‘तोरी’ नावाच्या कमानीपाशी किंचित लवून आत जावयाचे. देवळासमोर दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या व अखेरीस पुन्हा एक नमस्कार, हा सर्वसाधारण शिंतो प्रघात. देऊळ लहान आहे. दर्शनार्थ्याचे लक्ष वेधून घेतात ते वृक्षच. त्यांच्या फांद्या मुख्यत्वे दक्षिणेकडे वळलेल्या असल्याने त्यांना ‘एकदिश सुगी’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. देवता वृक्षांत, पर्वतांत व जलप्रवाहांत वास करते, या शिंतो श्रद्धेमुळे देवळाभोवतीचे वन हे देवस्थानाचेच अंग ठरते. सह्याद्रीतील देवरायांमागील भावनाही अशीच आहे.

१९०६ मध्ये जपानी शासनाने एका गावात शक्यतो एकच देवस्थान ठेवण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे सु. दोन लाख देवस्थानांची संख्या पुढील काही वर्षांत सु. एक लाख वीस हजारांवर आली. विलीन झालेल्या देवळांची वने तोडून विकली गेली. नोनाका येथील देवस्थानही विलीन झाले व त्याची झाडे तोडली जाऊ लागली. श्लेष्मकवकांचे अभ्यासक व लोकसंस्कृतीचे संशोधक मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१) यांनी या धोरणाविरुद्ध १९०९ पासून लेखणी उचलली. १९१० मध्ये त्यांना अटकही झाली. वन नष्ट झाल्यास दुर्मीळ जीवजातींबरोबरच गावाची श्रद्धा, चालीरीती व परस्परांतील आपुलकीही लयास जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर १९२० मध्ये जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने या धोरणाविरुद्ध ठराव केला. तोवर बहुतेक वने गेली होती. नोनाका येथे मात्र नऊ वृक्ष वाचले.

२००४ मध्ये कुमानो यात्रामार्गाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. भव्य देवालयांच्या तुलनेत अल्पपरिचित असलेल्या या स्थानाचे महत्त्व त्याच्या वास्तूपेक्षा या वाचलेल्या वृक्षांतच अधिक आहे.