वाटी रिकामी परत जात नाही

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाचीकडे तिच्या दोन मैत्रिणी राहायला आल्या होत्या. तिघींनी नुकताच एकच गेम संपवला होता, 'रेझिडेंट ईव्हिल ४'. तोही नवा नाही, २००५ सालचा जुना, म्हणजे साधारण त्यांच्याच वयाचा. मधे चकल्यांचा डबा आणि भोवती जोरदार वाद.

"सोपा आहे गं," पहिली म्हणाली. "मी तर कितीदा मेले, पण पुढे पुढे जमत गेलं."

"सोपा?" दुसरी उसळली. तिघींत तिचाच नेम सगळ्यात पक्का. "त्या गावातून बाहेर पडेपर्यंत माझा जीव गेला! बोळातून नुसते अंगावर येत होते."

"बोळातून?" पहिली गोंधळली. "माझ्या वेळी तिथे एवढे नव्हतेच कुणी."

आता सांगा, यातली थापा कोण मारत होती? कुणीच नाही! दोघीही अगदी डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होत्या.

या गेमच्या पोटात एक आकडा दडलेला आहे. पडद्यावर तो कुठेही दिसत नाही. तुमचे नेम बसत गेले, तुम्ही मार चुकवत गेलात, की तो गुपचूप चढतो. मार खाल्लात, मेलात, की उतरतो. आकडा चढला की शत्रू जास्त धीट होतात आणि त्यांचा घाव जास्त लागतो. उतरला की तेच शत्रू जरा दबकून वागतात, आणि काही ठिकाणी तर त्यांची संख्याच कमी होते. तालमीतला वस्ताद पोरांना खेळवतो ना, तसं. किरकोळ पोरासमोर हात राखून, तयारीच्या पोरासमोर जोर लावून. दोघंही मातीतून उठतात तेव्हा एकाच वस्तादाशी लढलेले असतात, पण दोघांच्या कुस्त्या वेगळ्या झालेल्या असतात. म्हणून सगळ्यात चांगली खेळणारी मुलगी म्हणते 'अवघड', आणि सारखी मरणारी म्हणते 'सोपा'!

'लेफ्ट ४ डेड' हा २००८ सालचा गेम याच्या पुढची पायरी. चार मित्रांनी मिळून खेळायचा. यात एक अदृश्य कारभारी बसवलेला आहे, आणि त्याचं नावच 'दिग्दर्शक'. चौघांपैकी प्रत्येकावर किती ताण आलाय याचा तो क्षणाक्षणाला अंदाज बांधतो. नुकताच किती मार बसला, शत्रू किती जवळ येऊन पडला, असा हिशोब. ताण शिगेला पोचला की तो टोळ्या पाठवणं थांबवतो, श्वास घेऊ देतो आणि मग पुन्हा सोडतो. त्यामुळे त्याच रस्त्यावरून काल गेलेल्या चौघांची गोष्ट आणि आज गेलेल्यांची गोष्ट जुळतच नाही.

मग एखादा गेम 'कसा आहे' हे एकट्याने सांगायचं तरी कसं? आपल्या वाट्याला त्याचं एकच रूप आलेलं असतं. दुसरं रूप मैत्रिणीकडे, तिसरं तिच्या भावाकडे. चकल्या खाता खाता त्या तिघी खरं तर एका गेमचे तीन तुकडे जुळवत होत्या.

इथपर्यंत हे आपोआप घडलेलं. पण काही लोकांनी या गप्पांनाच यंत्राचा सुटा भाग बनवलं. म्हणजे काय? तर गेममध्ये मुद्दाम काहीतरी कमी ठेवलं, आणि ती कमी भरायला मित्राचं तोंड लागेल अशी सोय केली.

१९८४ साली जपानच्या नामको कंपनीने 'द टॉवर ऑफ ड्रुआगा' काढला. ६० मजल्यांचा मनोरा, जवळपास प्रत्येक मजल्यावर लपवलेली पेटी, आणि ती उघड कशाने होते याचा पडद्यावर पत्ताच नाही. कुठे ठरावीक क्रमाने शत्रू मारायचे, कुठे काही भलतंच. एकट्याने हे शोधायचं तर आयुष्य पुरणार नाही. मग लोकांनी काय केलं? गेम खेळायच्या दुकानांमध्ये वह्या ठेवल्या गेल्या. ज्याला जे सापडलं ते त्याने लिहायचं, पुढच्याने वाचून पुढचा मजला गाठायचा. दोन वर्षांनी आलेला 'झेल्डा' घडवताना शिगेरू मियामोतो यांनाही हेच हवं होतं, की मुलांनी अडावं आणि अडल्यावर एकमेकांना विचारावं. अगदी 'माइनक्राफ्ट'सुद्धा सुरुवातीला कुदळ कशी करायची हे सांगत नसे; त्यात पाककृतींचं पुस्तक आलं ते २०१७ साली. तोपर्यंत चुलत-मावस भावंडांची अख्खी पिढी एकमेकांना कुदळी शिकवत होती.

पण या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त थक्क करतं ते एक वीतभर यंत्र आणि त्याची वायर.

सातोशी ताजिरी हा मुलगा टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढला. तळ्याकाठी, शेतात किडे पकडायचा त्याला भारी नाद. पुढे त्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि किडे गेले. १९८९ साली निन्टेन्डोचा 'गेम बॉय' बाजारात आला. हातात मावणारा, आणि दोन गेम बॉय एकमेकांना वायरने जोडता येणारा. बाकीच्यांना त्या वायरीत दोघांची चुरस दिसली. ताजिरींना काय दिसलं? वायरीवरून इकडून तिकडे सरपटत जाणारा किडा! त्या एका दृश्यावर त्यांनी सुमारे सहा वर्षं घालवली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये 'पोकेमॉन' आला.

तो एकच गेम नव्हता, दोन होते, लाल आणि हिरवा. गोष्ट तीच, नकाशे तेच, पण काही प्राणी फक्त लालमध्ये सापडतात आणि काही फक्त हिरव्यात. गेममधली सगळ्या प्राण्यांची वही पूर्ण करायची तर दुसऱ्या रंगाचा मित्र गाठलाच पाहिजे. याहून कमाल म्हणजे हाँटर किंवा कडाब्रासारखे काही प्राणी कितीही लढवा, एका टप्प्यापुढे वाढतच नाहीत. त्यांना वायरीवरून मित्राकडे पाठवलं की पलीकडे पोचता पोचता ते मोठे होतात. मित्र नसेल तर वाढ नाही. हा नियम गेममध्ये मुद्दाम लिहिला गेला, आणि त्यापायी जगभरातल्या शाळांच्या मैदानांवर अनोळखी मुलं एकमेकांना विचारू लागली, 'तुझ्याकडे कुठला रंग आहे?'

आता त्या वायरीच्या आत डोकावू या, कारण खरी मौज तिथे आहे.

दोन्ही यंत्रांत आठ खणांची एकेक पट्टी आहे, अशी कल्पना करा. प्रत्येक खणात शून्य किंवा एक. दोघांपैकी एक यंत्र ताल धरतं, भजनात एकाने टाळ धरावा तसं, आणि दुसरं त्याच्या ठेक्यावर चालतं. ठोका पडला की इकडच्या पट्टीच्या टोकाचा आकडा वायरीतून तिकडे जातो, सगळे खण एकेक पाऊल सरकतात, आणि मागे जी जागा रिकामी झाली तिच्यात त्याच ठोक्याला तिकडचा आकडा येऊन बसतो. आठ ठोके पडले की इकडची पट्टी पूर्ण तिकडे, तिकडची पूर्ण इकडे. असे ठोके सेकंदाला ८,१९२!

लक्षात आलं का काय झालं? इथे 'पाठवणं' आणि 'घेणं' ही दोन वेगळी कामं नाहीतच. पाठवलं की आलंच. समोरच्याकडे सांगण्यासारखं काही नसलं तरी काहीतरी येतंच, निदान रिकाम्या जागेचे शून्य-एक तरी. आपल्याकडे शेजारीण वाटीत भाजी देऊन गेली, तर ती वाटी कुणी रिकामी परत करत नाही. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. हाच रिवाज कुणी तांब्याच्या तारेत आणि सिलिकॉनमध्ये बसवेल असं कधी मनात तरी आलं होतं का? ताजिरींनी अदलाबदलीचं स्वप्न पाहिलं, आणि ज्या वायरीवर पाहिलं तिला अदलाबदलीशिवाय दुसरं काही येतच नव्हतं.

आणि त्या वायरीवरून जातं तरी किती? पहिल्या पिढीतल्या पोकेमॉनची अख्खी कुंडली, म्हणजे जात, ताकद, अनुभव, चार डावपेच आणि मालकाचा क्रमांक, ४४ बाइटमध्ये मावते. नावं तेवढी वेगळी. आजच्या फोनवर देवनागरीतली १४ चिन्हं लिहिलीत की ४२ बाइट होतात. म्हणजे ज्या प्राण्यासाठी मुलं रात्री पांघरुणात जागत होती, तो एका छोट्या वाक्याएवढाही नव्हता! शिवाय वायरीतून प्रत्यक्ष काहीच 'जात' नाही. तिकडे प्रत तयार होते आणि इकडचं मूळ पुसलं जातं. मुलांनी हेही हुडकलं. अचूक क्षणी एकाने यंत्र बंद केलं की प्रत होते पण मूळ पुसलं जात नाही. एकाचे दोन! हे कुठल्याही माहितीपुस्तकात नव्हतं. कुणीतरी चुकून केलं, दुसऱ्याला सांगितलं आणि ते पसरत गेलं.

अशी पसरणारी बातमी किती बलवान असते त्याचा नमुना म्हणजे म्यू. गेम पूर्ण होत आला, चाचणीची साधनं काढून टाकली आणि कॅसेटमध्ये सुमारे ३०० बाइट जागा उरली. या वेळी काहीही हात लावायचा नाही असा संकेत असताना शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने तेवढ्या जागेत १५१वा प्राणी सरकवला. तो खेळणाऱ्यांना भेटावा अशी योजना नव्हती. पण एका चुकीमुळे काही मुलांना तो दिसला. मग कुजबुज सुरू झाली: 'मी पाहिलाय', 'शक्यच नाही', 'माझ्या शेजाऱ्याच्या मित्राकडे आहे'. अखेर 'कोरोकोरो कॉमिक' मासिकातून जाहीर झालं की २० जणांना म्यू मिळेल. अर्ज आले सुमारे ७८,०००. उरलेल्या जागेत कोंबलेला एक प्राणी, त्यावर मुलांच्या गप्पा, आणि गेमला नवं आयुष्य!

हे जपानपुरतंच होतं असं समजू नका. नव्वदच्या दशकात संगमनेरला आमच्या आळीत ज्या एका घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, तिथे पिवळी कॅसेट लावून 'कॉन्ट्रा' चाले. जीव फक्त तीन. आमच्यातल्या कुणालाही पहिल्या टप्प्यापुढे जाता येईना. मे महिन्यात मुंबईहून एकाचा मावसभाऊ आला आणि त्याने रिमोट हातात घेऊन सुरुवातीच्या पडद्यावरच बोटं चालवली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. जीव ३०! आम्ही त्याच्याकडे मांत्रिकाकडे पाहावं तसं पाहत राहिलो.

हा मंत्र कुणाचा, हे मला खूप वर्षांनी कळलं. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ च्या सुमारास 'ग्रेडियस' हा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. चाचणी घेताना गेम त्यांना स्वतःलाच अवघड जाई, म्हणून त्यांनी बोटांना सहज लक्षात राहील असा एक क्रम आत घातला, आणि गेम विक्रीला गेला तेव्हा तो आतच राहिला. तिथून तो कंपनीच्या इतर गेममध्ये गेला. पण जपानमधल्या त्या टेबलापासून संगमनेरच्या आळीपर्यंत तो आला कसा? आमच्याकडे इंटरनेट नव्हतं, गेमची मासिकं नव्हती. दहा बटणांचा क्रम, एकही चूक न होता, कुणा कुणाच्या तोंडातून किती समुद्र ओलांडून आला असेल! ओव्या टिकतात तशा, पाठ करून आणि पुढच्याला देऊन. माझ्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते बाण अजून आहेत.

आता शेवटची एक गोष्ट, कारण तीही मी त्याच सुट्टीत पाहिली.

गेम घडवणारे हिदेताका मियाझाकी एकदा बर्फातून गाडी चालवत होते. चढावर पुढच्या गाड्या अडकल्या, मागोमाग त्यांचीही. तेवढ्यात मागच्या गाडीने पुढच्या गाडीला ढकलायला सुरुवात केली, आणि अशी एकेक करत रांग वर चढली. त्यांची गाडीही कुणा अनोळखी माणसाच्या ढकलण्याने सुटली, पण थांबून आभार मानले असते तर तेच पुन्हा अडकले असते. रांगेतला शेवटचा माणूस घरी पोचला का, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला. पुढे २००९ साली 'डीमन्स सोल्स' करताना त्यांनी ही आठवण गेममध्ये ओतली. तिथे खेळणारा जमिनीवर निरोप ठेवू शकतो, पण मनातलं काहीही लिहिता येत नाही. तयार शब्दांतूनच जुळवायचं. 'पुढे सावध', 'इथे उडी मारा', असं काहीसं. दुसऱ्या कुठल्या तरी देशात बसलेल्याला ते त्याच्या भाषेत दिसतं. त्याला उपयोग झाला तर तो दाद देतो. दाद मिळाली की लिहिणाऱ्याची उतरलेली शक्ती भरून येते!

२०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्येही हेच आहे. मैत्रिणी गेल्यावर भाची तोच खेळत होती. समोर अवाढव्य राक्षस, औषधाच्या बाटल्या संपलेल्या, शक्तीची लाल पट्टी नखाएवढी उरलेली. ती ओठ आवळून मागे सरत होती. मी म्हटलं, "झालं, गेलीस."

आणि ती पट्टी अचानक भरली. तिने काहीही केलं नव्हतं.

"अगं, हे कशाने?"

"परवा एका कड्यावर निरोप ठेवला होता मामा," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "कुणीतरी आत्ता वाचला."