उंदरीण आणि पंधरा हजारांचा हिशेब

उंदरांच्या एका जोडीपासून वर्षभरात १५,००० उंदीर! महापालिकेच्या पत्रकातला हा आकडा घाटकोपर-अंधेरीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरतो. गुणाकार चुकला आहे असं नाही. पण त्यात मादी म्हणजे न थांबणारी गिरणी धरलेली आहे.

तिचं ऋतुचक्र झटपट, हे खरं. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांमध्ये ते चार-पाच दिवसांचं. एडगर ॲलन यांनी १९२२ मध्ये ते नीट मांडलं. योनिमार्गात मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा, परत ओढून काचपट्टीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ठळक केंद्रकाच्या गोल पेशी दिसल्या तर माज जवळ आलाय. केंद्रक हरवलेल्या, पातळ पोह्यांसारख्या पापुद्र्यांनी पट्टी भरली की मादी माजावर. मग पांढऱ्या पेशींची झुंबड उडते आणि फेरी संपत येते. (पापानिकोलाऊंनी हीच युक्ती १९१७ मध्ये स्टॉकार्ड यांच्यासोबत गिनीपिगवर वापरली होती, बायकांची पॅप तपासणी त्यातूनच आली. त्यासाठी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने देणाऱ्या त्यांच्या पत्नी अँड्रोमाकी मात्र कुणाला आठवत नाहीत.)

गर्भ राहिला तर १९ ते २१ दिवसांत पिल्लं, आणि बाळंतपणानंतर दिवसभरात मादी पुन्हा माजावर. पत्रकी गुणाकाराचं मूळ अशाच वेगात आहे.

पण नुसत्या माद्याच दाटीवाटीने ठेवल्या तर हे चक्र रखडतं. तिथे नराच्या मुताचा वास आला, की तिसऱ्या रात्री बऱ्याच माद्या एकदम माजावर येतात. हे व्हिटन यांनी १९५६ मध्ये दाखवलं. माझी आवडती संशोधक मात्र हिल्डा ब्रूस. नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीजवळ परका नर आणला तर गर्भ अनेकदा रुजतच नाही, हे तिने १९५९ मध्ये लंडनमध्ये पाहिलं. पुढे कळलं, की नर समोर असायचीही गरज नाही, नुसता वास पुरतो!

हे प्रयोग छोट्या उंदरांवरचे. गटारातल्या घुशीला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण अन्न आणि बिळाला जागा, एवढ्यावर सगळ्यांचंच अडतं. पालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक काठी-टॉर्च घेऊन फिरतात, रात्रीला तीस उंदीर मारायचे असतात. मात्र खरकटं तसंच पडून राहिलं तर उरलेल्या माद्या ती जागा भरून काढतात. तेव्हा आकडा फॉरवर्ड करण्याआधी सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, ते बघा.