गोळी, यकृत आणि चौविहार

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेली शाहूपुरी ही कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापाराची पेठ. दिवसभर गादीवर बैठक आणि चालणे थोडे, अशी दिनचर्या असणाऱ्या व्यापारी कुटुंबांत कोलेस्टेरॉलची गोळी आता अपरिचित राहिलेली नाही. मात्र ‘ही गोळी यकृत बिघडविते’ या धास्तीने ती परस्पर बंद करणारेही आहेत. या धास्तीत तथ्य किती?

स्टॅटिन वर्गातील या औषधांचा उगम जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांच्या १९७३ मधील बुरशीवरील संशोधनात आहे. आज प्रचलित असलेली अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन मात्र रासायनिक प्रक्रियेने तयार होतात. शरीरातील कोलेस्टेरॉल प्रामुख्याने यकृतात तयार होते. स्टॅटिन तेथील निर्मिती रोखते. मग यकृत रक्तातील घातक एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते.

औषधाचे कार्यक्षेत्रच यकृत असल्याने काहींच्या रक्तात एसजीपीटी किंचित वाढते. ही वाढ बहुधा तात्पुरती असते. ती कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक व टिकून राहिली, तर डॉक्टर औषधाचा फेरविचार करतात. गंभीर इजा अत्यंत विरळ असल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये नियमित यकृत-तपासणीची शिफारस मागे घेतली. प्रारंभी एकदा आणि पुढे लक्षणे दिसल्यास तपासणी पुरेशी मानली जाते. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, भूक मंदावणे ही ती लक्षणे होत. चरबीयुक्त यकृत असणाऱ्यांनाही सामान्यतः ही गोळी वर्ज्य नाही.

याउलट, ‘निसर्गोपचार’ म्हणून घेतलेला प्रत्येक काढा निर्धोक नसतो. २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. म्हणून चालू असलेला काढाही डॉक्टरांना सांगावा.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण वेगळी. गोळी ‘रात्री झोपताना’ लिहून दिली की व्रत आणि औषध यांत ओढाताण होते. सिम्व्हास्टॅटिन रात्री अधिक उपयुक्त ठरते, हे खरे. परंतु अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन दिवसाच्या कोणत्याही ठरावीक वेळी, अगदी नवकारशीनंतरही घेता येतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. त्याऐवजी साधी गोळी मागता येते.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी गोळी परस्पर थांबविणे धोक्याचे आहे. पर्युषणातील अठ्ठाई वा दशलक्षणातील उपवास करावयाचे असल्यास, पच्चक्खाण घेण्यापूर्वीच औषधांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.