उकळीने हरवलेला गुण

काढा म्हटला की तो उकळायचा, हे शेंबडे पोरही सांगेल! चीनमध्येही तीच रीत. पण १९६९ साली बीजिंगच्या तू यूयू या विदुषीकडे हिवतापावर औषध शोधण्याचे काम आले, तेव्हा नेमके इथेच घोडे पेंड खात होते.

बाईंचे शिक्षण पाश्चात्त्य औषधशास्त्राचे. पुढे चिनी वैद्यकही त्या रीतसर शिकल्या. आपल्या दवण्याच्या जातकुळीतली छिंगहाओ ही वनस्पती त्यांनी तपासली. गुण एकदा येई, एकदा येईना. अखेर चौथ्या शतकातील गे होंग यांच्या पोथीत मेख सापडली: मूठभर पाला पाण्यात भिजवावा, पिळावा नि रस प्यावा. उकळण्याचे नावच नाही!

उष्णतेने गुण जात असावा, हे ताडून बाईंनी ईथर वापरून अर्क काढला. १९७१ साली तो उंदरांवर पुरता लागू पडला. १९७२ साली आधी स्वतः घेऊन मगच त्यांनी तो रोग्यांना दिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पोथीने वाट दाखवली, पण औषध ठरले ते कसोटीनंतरच. तेव्हा वाचकहो, घरात डॉक्टरांची गोळी नि वैद्यांचा काढा दोन्ही चालू असतील, तर एकाचे दुसऱ्यापासून लपवू नका. हा मेळ जाणत्यांनीच घालावा!