इमारत पाडायची, पण पत्रे कुणी उतरवायचे?

मुंबईत जुनी इमारत पाडायची तर कागदांचा गठ्ठा लागतो. तिच्या छपरावरचे सिमेंटचे पत्रे उतरवायला मात्र बहुतेक वेळा एक हातोडा पुरतो. हा लेख मुख्यतः त्या पत्र्यांबद्दल आहे. कागदांचे आधी उरकून घेऊ.

नोटीस आणि वर्गवारी

इमारतीला तीस वर्षे झाली की मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. अहवालात इमारत ‘सी-१’ ठरली, तर ती रिकामी करून पाडायची; ‘सी-२’ आणि ‘सी-३’ दुरुस्तीवर निभावतात. सी-१ ला कलम ३५४ ची नोटीस लागते. मालकाचा अहवाल एक सांगतो आणि भाडेकरूंचा दुसरेच, असे झाले की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते.

भाडेकरूंनी खोली सोडण्याआधी तिचे क्षेत्रफळ पालिकेने मोजून नोंदवले आहे ना, हे पाहावे आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. चाळ जमीनदोस्त झाल्यावर आपली खोली किती फुटांची होती, हे सिद्ध करणे कर्मकठीण.

पाडकाम सुरू करताना

वीज, पाणी, गॅस आधी तोडून घ्यायचे. आवारातले झाड आडवे येत असेल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी. धुळीसाठी पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम कडक केले: पाडायची इमारत वरपासून खालपर्यंत ताडपत्रीने किंवा हिरव्या कापडाने झाकायची आणि तोडकाम चालू असेपर्यंत पाणी मारत राहायचे. एक एकराहून मोठ्या भूखंडाभोवती ३५ फुटी पत्र्याचे कुंपण, लहान भूखंडाला २५ फुटी. शहरात चक्कर मारली की हे नियम किती पाळले जातात ते कळतेच.

सिमेंटच्या पत्र्यात काय असते

जुने सिमेंटचे पत्रे, पावसाच्या पाण्याचे राखाडी पाइप, टाकीची झाकणे यांत बहुधा अ‍ॅसबेस्टॉस असते. धड पत्रा छपरावर असतो तोवर फारसा त्रास नाही. तो फुटला, कापला, घासला गेला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत सुटतात. फुप्फुसात गेलेला तंतू तिथेच राहतो आणि कर्करोग वीस-चाळीस वर्षांनीही उद्भवू शकतो. त्यामुळे आज पत्रा फोडणाऱ्या मजुराच्या आजाराशी या कामाचा संबंध पुढे कोणी जोडत नाही.

ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅसबेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली; तिथे पाडकामाआधी त्याची पाहणी सक्तीची आहे. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅसबेस्टॉसवर बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिलेला निकाल कारखाने आणि खाणींतील कामगारांपुरता होता. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ‘टाकून दिलेले अ‍ॅसबेस्टॉस’ आहे, पण ते उत्पादन प्रक्रियेच्या रकान्यात, पाडकामाच्या नाही. कंत्राटदार नेमके तेवढ्यावर बोट ठेवून हात वर करतात.

उतरवायचे कसे

नेहमीची पद्धत अशी: पत्रा धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या जे-हुकाचा नट सुटत नाही, मग पत्र्यावरच घाव घालून तुकडे खाली टाकायचे. धड निघालेला पत्रा भंगारवाला उचलतो आणि तो कुणाच्या तरी गोठ्यावर चढतो.

योग्य पद्धत फार महागही नाही. बाकी तोडकामाआधी पत्रे उतरवायचे. ते आधी पाण्याने भिजवायचे. नट सुटत नसेल तर हूक कापायचा, पत्रा नाही. ग्राइंडर पत्र्याला लावायचा नाही. अख्खा पत्रा दोरीने खाली घेऊन जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि वर ‘अ‍ॅसबेस्टॉस’ असे लिहायचे. तोंडाला बांधलेला रुमाल इथे बिनकामाचा. बारीक तंतू अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच हवा. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. पडलेली धूळ झाडूने लोटायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

हे पत्रे राडारोड्यात मिसळले की तो भरडताना तंतू पुन्हा मोकळे होतात. राज्यात तळोजा, रांजणगाव इथे धोकादायक कचऱ्याची केंद्रे आहेत. पत्रे तिथे पाठवून पावती घ्यावी.

सोसायटीच्या समितीने पाडकामाच्या करारावर सही करण्याआधी पत्र्यांचे कलम वेगळे लिहून घ्यावे: किती पत्रे, कोण उतरवणार, कुठे जाणार. शेवटचे बिल ती पावती मिळाल्याशिवाय देऊ नये.