वाटसरू प्रेक्षक आणि महाविद्यालयाचा कलासंग्रह

संग्रहालय ही मुद्दाम जाण्याची जागा असते. तेथे येणारा मनुष्य पाहण्याची तयारी करूनच आलेला असतो. हॉटेलात येणाऱ्याचे तसे नसते. प्रवासाने तो शिणलेला असतो, हातात सामान असते आणि खोलीची किल्ली लवकर मिळावी एवढीच त्याची अपेक्षा असते. अशा मनुष्यासमोर समकालीन कलाकृती मांडल्या, तर त्यांना नवा प्रेक्षक लाभतो की त्या केवळ शोभेच्या वस्तू होऊन बसतात? अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील विंटर पार्क येथील रॉलिन्स कॉलेजने केलेला प्रयोग या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

रॉलिन्स कॉलेजची स्थापना १८८५ मध्ये झाली. महाविद्यालयाचे स्वतःचे कलासंग्रहालय असून पूर्वी ते कॉर्नेल फाइन आर्ट्स म्यूझियम या नावाने ओळखले जात असे. आज ते रॉलिन्स म्यूझियम ऑफ आर्ट म्हणून ओळखले जाते. टेड आणि बार्बरा ॲल्फंड या माजी विद्यार्थी दांपत्याने त्याला समकालीन कलेचा एक संग्रह दिला. तो देताना दात्यांसमोर अध्यापनाचा हेतू होता. तत्त्वज्ञान, इतिहास, राजकारण वा पर्यावरण शिकणाऱ्यालाही ज्यातून विचाराला खाद्य मिळेल, अशा कलाकृती त्यांना हव्या होत्या. परंतु महाविद्यालयीन संग्रहालयाची एक सनातन अडचण असते. संग्रह वाढत जातो, भिंती मात्र तेवढ्याच राहतात. परिणामी बरेचसे काम कोठारात अंधारात पडून राहते.

या अडचणीवर तोडगा निघाला तो हॉटेलाच्या रूपाने. टेड यांचे वडील हॅरॉल्ड ॲल्फंड हे मेन राज्यातील पादत्राणांचे कारखानदार. त्यांच्या नावे असलेल्या प्रतिष्ठानाने दिलेल्या १ कोटी २५ लाख डॉलरांच्या अनुदानातून महाविद्यालयाने आवाराजवळ 'ॲल्फंड इन' हे ११२ खोल्यांचे हॉटेल बांधले. २०१३ मध्ये ते सुरू झाले. त्याचे निव्वळ उत्पन्न गुणवंत विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीनिधीत जमा व्हावे, अशी योजना अनुदानाबरोबरच आखण्यात आली. हॉटेलाच्या दिवाणखान्यांत आणि मार्गिकांत संग्रहातील कलाकृती लावण्यात आल्या. येथे उतरणारा पाहुणा नकळत एका विद्यार्थ्याच्या शिक्षणाला हातभार लावतो आणि त्याच वेळी त्या विद्यार्थ्याच्या अभ्याससाधनांमधून वावरतो.

या व्यवस्थेचे मोल कळण्यासाठी याच देशातील एक उलट उदाहरण पाहावे. व्हर्जिनियातील रँडॉल्फ कॉलेजकडे जॉर्ज बेलोज या चित्रकाराचे गोदीकामगारांचे एक प्रसिद्ध चित्र होते. १९२० मध्ये विद्यार्थिनींनी पैसे जमवून ते विकत घेण्यास हातभार लावला होता. २०१४ मध्ये महाविद्यालयाने ते लंडनच्या नॅशनल गॅलरीला २ कोटी ५५ लाख डॉलरांना विकले आणि त्यावर तीव्र टीका झाली. तिजोरी रिकामी झाली की संस्थेचे लक्ष प्रथम भिंतीवरच्या चित्रांकडे जाते. रॉलिन्समध्ये कमाई करण्याचे काम हॉटेलाच्या खोल्यांवर सोपवलेले आहे. चित्रांवर ती जबाबदारी नाही.

अर्थात या मांडणीत धोके आहेतच. कागदावरील रेखाचित्राला साधारणपणे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश सोसत नाही. तैलचित्रालाही २०० लक्सच्या आसपासची मर्यादा पाळावी लागते. हॉटेलाला मात्र प्रसन्न उजेड हवा असतो. दारे सतत उघडझाप होत असतात आणि फ्लॉरिडाची हवा दमट आहे. सामानाच्या गाड्या भिंतींना घासत जातात. संग्रहालयातल्यासारखा पहारेकरी प्रत्येक दालनात उभा करता येत नाही. म्हणून कोणते काम कोठे लावावे, याचा निर्णय सजावटकाराने नव्हे, तर संग्रहपालाने घ्यायला हवा.

मुंबईच्या वाचकाला ही गोष्ट निराळ्या संदर्भात परिचित आहे. ताजमहाल हॉटेलात आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रह आहे. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात आग, धूर आणि पाणी यांनी त्यातील कित्येक चित्रांची हानी झाली व पुढे त्यांची डागडुजी करावी लागली. तो संग्रह हॉटेलाचा आहे, विद्यापीठाचा नव्हे. त्याच शहरातील टाटा मूलभूत संशोधन संस्था मात्र रॉलिन्सच्या अधिक जवळची ठरेल. होमी भाभा यांनी तेथे समकालीन चित्रकारांची कामे जमवली आणि ती गणितज्ञ व पदार्थवैज्ञानिक यांच्या रोजच्या वाटेवर लावली. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्रही तेथेच आहे. कला पाहण्यासाठी न आलेल्या मनुष्याला कला भेटावी, ही दृष्टी दोन्ही ठिकाणी समान आहे.

मग शोभेची वस्तू आणि कलाकृती यांतील सीमारेषा कोठे आखायची? ती भिंतीवरून ठरत नाही, जबाबदारीवरून ठरते. हॉटेलाने स्वतःसाठी घेतलेले चित्र पडद्यांचा रंग बदलला की उतरते. संग्रहालयाच्या मालकीचे चित्र नोंदवहीत राहते. त्याच्याशेजारी कलावंताचे नाव व वर्ष यांची पाटी असते, ते पाळीपाळीने बदलले जाते, वर्गात त्याच्यावर चर्चा होते. रॉलिन्सचे संग्रहालय या हॉटेलात मार्गदर्शनासह फेऱ्या आयोजित करते आणि तेथे न उतरलेल्या गावकऱ्यालाही हा संग्रह पाहता येतो.

किल्लीची वाट पाहणारा प्रवासी कदाचित चित्राकडे पाठ फिरवून उभा राहील. तो त्याचा अधिकार आहे. पण त्याने वळून पाहिलेच, तर चित्र कोणाचे हे सांगणारी पाटी आणि त्याची काळजी वाहणारे कोणीतरी तेथे असावे, एवढी हमी संस्थेने द्यावी. ती असेल तर हॉटेल संग्रहालयाचे एक दालन होते. ती नसेल तर संग्रहालयच हॉटेलाच्या सामानसुमानात जमा होते.