आमच्या घरातला संप

संप म्हटला की गिरण्या नाहीतर एस.टी. आठवते. आमच्या घरातला संप माशांच्या टाकीखाली आहे. पुण्यामुंबईच्या सोसायट्यांत जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर दुसरी आणि मध्ये पंप असतो ना, तोच प्रकार. फक्त इथे वरचे पाणी फिरून पुन्हा खाली येते.

हा खटाटोप कशासाठी? दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही भारतात गेलो. हीटिंगच्या कोरड्या हवेने २० गॅलनच्या टाकीतले पाणी आटले आणि काठावर टांगलेला फिल्टर कोरडा पडला. परत आलो तेव्हा ११ निऑन टेट्रांपैकी दोनच उरले होते. मुलगी तीन दिवस टाकीकडे फिरकली नाही. खाणे घालणाऱ्या मित्राचा काहीच दोष नव्हता. पाणी घालायचे आम्हीच सांगितले नव्हते.

गराज सेलमधून १० गॅलनची जुनी टाकी आणली आणि गळत नाही ना, हे बाथटबमध्ये ठेवून पाहिले. काचेच्या पट्ट्या कापून आणून सिलिकोनने आत चिकटवल्या आणि तीन कप्पे केले. सिलिकोन बुरशीनाशक नसलेलेच घ्यावे. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटते. आईंनी व्हिनेगर सांडले समजून दोनदा ओटा पुसला!

पहिल्या कप्प्यात स्पंज, मधल्यात हीटर व सिरॅमिकची कडी, शेवटच्यात पंप. स्पंजावर व कड्यांवर बॅक्टेरिया वाढतात. ते माशांच्या अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करतात. म्हणून स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने ते मरतात. नायट्रेट मात्र साठतच जाते, तेव्हा थोडे पाणी बदलण्यातून सुटका नाही.

काचेला भोक पाडायचे धाडस झाले नाही. काठावर टांगायची ओव्हरफ्लोची पेटी आणली. पिंपातून रॉकेल काढायला नळी वापरत, तेच तिचे तत्त्व.

आणि एका रात्री वीज गेली. पंप थांबला, आणि वर पाणी नेणारी नळीच उलटी वाहू लागली. तिचे तोंड पाण्यात तीन इंच खोल होते. २४ बाय १२ इंचांच्या टाकीत एक इंच म्हणजे सव्वा गॅलन; तीन इंचांचे पावणेचार झाले. संपात जागा तीनच गॅलनची. उरलेले पाऊण गॅलन कार्पेटवर! खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छतापर्यंत ते पोचले नाही, हे आमचे नशीब. डॉक्टरेट असून हा गुणाकार आम्ही आधी केला नव्हता.

उपाय एका छिद्राचा. नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडले. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि प्रवाह तुटतो. भोकात शेवाळ साचते, ते अधूनमधून काडीने साफ करावे लागते. उलट बाजूने पेटीतला प्रवाह तुटला तर पंप खालचे पाणी वर ओतत राहील. म्हणून शेवटच्या कप्प्यात एकच गॅलन ठेवतो. तेवढे वरच्या टाकीत मावते.

पण त्यामुळे आटण्याची सगळी घट याच छोट्या कप्प्यात दिसते. या डिसेंबरात पुन्हा जातो आहोत. कप्प्यावर लाल टेप लावली आहे. मित्र दर दुसऱ्या दिवशी टेपपर्यंत पाणी घालणार आहे. तेही डिस्टिल्ड, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत, मागेच राहतात. जग भरून ठेवले आहेत. मुलीने मित्राकडून दोनदा वदवून घेतले आहे.

कुणी असा संप करणार असेल तर पंप मुद्दाम बंद करून, टॉवेल हाताशी ठेवून, दिवसाढवळ्या पाहावे. आमच्याकडे अर्धी सिलिकोनची नळी उरली आहे, पुढच्या कार्यक्रमाला घेऊन येऊ.